खुनी कोण, ते पहिल्याच पानावर

भाताची गिरण चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी साचतात, कोंडा आणि किस्से. कोंडा म्हशीला घालता येतो. किश्शांचं काय करायचं? यंदा तर ते फारच साचले, आणि त्याला कारण माझा खानापूरचा भाऊ. मला वाचायचं वेड, म्हणून तो रहस्यकथा आणि खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं पिशवीत घालून रामनगरच्या बसमध्ये ठेवतो. ड्रायव्हर ती पिशवी कुंभारवाड्यात आमच्या गिरणीपाशी उतरवतो. वर्षभर मी दुसरं काही वाचलंच नाही. त्यामुळे मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. सगळ्यांचा म्हणजे अगदी सगळ्यांचा!

*

तिसऱ्या पुस्तकानंतरची गोष्ट. गिरणीसमोर एक अनोळखी माणूस मोटारसायकल थांबवून दिग्गीचा रस्ता विचारत होता. खांद्याला पेटी, पायात गमबूट. दिग्गीला उगाच कोण जातं? मी गाडीचा नंबर गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला. खाली वर्णनही लिहिलं: उंची मध्यम, नजर चुकवतो.

दुपारी आमचे हे घरून आले. म्हणाले, "अगं, जनावरांचे नवे डॉक्टर येऊन गेले. म्हशीला लस टोचली."

मग त्यांनी भिंतीवरचं वर्णन सावकाश वाचलं. "नजर चुकवतो? मग म्हशीची साक्ष काढूया. तिनं जवळून बघितलाय!"

*

पुढे भावाने एका डॉक्टरांच्या आठवणींचं पुस्तक पाठवलं. हे डॉक्टर जन्मभर शवविच्छेदन करत होते. पुस्तकात विषांवर चांगलं साठ पानांचं प्रकरण! मी ते जेवताना मोठ्याने वाचायची. हे निमूट ऐकायचे.

एक दिवस अळूत चिंच घालायची राहिली. पहिल्याच घासाला यांचा घसा खाजला. यांनी ताट बाजूला सारलं, तांब्याभर पाणी रिचवलं आणि शांतपणे विचारलं, "कितव्या पानावर आहेस?"

तेव्हापासून आमच्या घरात आधी मी जेवते.

*

पुस्तकाचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे देवू. तो जंगलात वॉचर आहे. आठवडा आठवडा पहाऱ्याच्या झोपडीत एकटा असतो, त्यामुळे मी मोठ्या मनाने पुस्तक आधी त्यालाच द्यायची.

एकदा गिरणीच्या मागे चिखलात पावलं उमटलेली दिसली. माणसाचीच! मी त्यांच्यावर टोपली पालथी घातली, टेप आणली, लांबीरुंदी मोजली. कोणीतरी खिडकीपर्यंत येऊन, थांबून, परत गेलं होतं. देवूला बोलावून टोपली उचलली.

"वैनी, ह्यो मानूस न्हाई. अस्वल हाय. फणसाला आलतं."

"म्हणजे एक संशयित कमी झाला!" मी म्हटलं.

"व्हय," देवू म्हणाला, "पन खिडकी लावून घ्या."

*

तिसरी शेवंतक्का. ती कंद, हळद विकते आणि भात घेऊन गिरणीत येते. शाळेची पायरी चढले नाही, असं ती म्हणते. पोत्यावर बसून ती आमच्याकडून गोष्ट ऐकायची, आणि दुसऱ्या प्रकरणातच खुनी ओळखायची. प्रत्येक वेळी बरोबर!

"अक्का, कसं कळतं तुला?"

"मयताच्या घरात नको इतकं काम कोन करतंय, ते बघायचं, बाय. पानी भरतंय, भांडी घासतंय, रडाया येळ न्हाई. त्योच!"

आमचे सासरे वारले तेव्हा मीच पाणी भरत होते. मी तो विषय वाढवला नाही.

*

आणि मग तो गुन्हा घडला. देवूकडून परत आलेलं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव! त्याच्या पुढच्या पुस्तकावरही तेच. मग आणखी एकावर. माझं तर डोकंच फिरलं.

मी गिरणीत वही ठेवली आणि अक्षर तपासायला सगळ्यांना एकेक ओळ लिहायला लावली. यांचं अक्षर यांनाच वाचता येईना. शेवंतक्काने अंगठा उठवला. राहिला देवू. त्याने ओळ लिहिली, वही मिटली.

"वैनी, माज्यावर संशय हाय?"

मी वही उचलून काखेत मारली. तिथेच चुकले. तो गेला तो आलाच नाही. भात कांडायला पार नंदिगड्ड्याच्या बाजूला जायला लागला.

*

रागाच्या भरात मी भलतंच करून बसले. आमच्याकडे चोरी झाली की ग्रामदेवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. तीन दिवसांत करणाऱ्याने कबूल व्हायचं, नाहीतर चौथ्या दिवशी नारळ फोडतात आणि पुढचं देव बघून घेतो. एकदा ठेवलेला नारळ ठेवणाऱ्यालाही उचलता येत नाही. आणि मी तो ठेवला, पेन्सिलीच्या दोन अक्षरांसाठी!

पहिल्या दिवशी आमचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला कोयता दारात आला. दुसऱ्या दिवशी कोणाचं तरी सूप, आणि एक कोंबडी जी आमची नव्हतीच. तिसऱ्या दिवशी यांनी घसा खाकरला. "ते विषांचं पुस्तक तू अजून शोधतेस ना? ते हरवलं नाही. मी कोंड्यात पुरलं."

पेन्सिलीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही.

संध्याकाळी कळलं, देवूच्या बायकोचे दिवस भरत आलेत. नारळ फुटला आणि त्या घरात शिंक जरी आली, तरी गाव म्हणणार, नारळ लागला. देवूला जन्मभर ते ऐकावं लागलं असतं, माझ्यामुळे. मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे देवळात जमलो. देवू भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. पुजारी पुढे झाला आणि थबकला. नारळ नव्हता! देवापुढचा नारळ उचलायची छाती आमच्या गावात कोणाची नाही. पुजाऱ्याने कोपरे धुंडाळले, देवाला हात जोडले आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

दुपारी शेवंतक्का झाकलेलं पातेलं घेऊन गिरणीत आली. मागे देवू. त्याला तिने मनगट धरून आणलं होतं. आम्हाला तिघांना पोत्यांवर बसवून तिने वाढलं. मुडलीच्या कंदाची भाजी, वर ओलं खोबरं, अगदी सढळ हाताने.

अक्काच्या परसात मुडली आहे, हळद आहे, भोपळा आहे. नारळाचं झाड नाही. आणि दुकानातला शेवटचा नारळ मीच देवापुढे ठेवायला नेला होता.

मी देवूकडे बघितलं. देवूने यांच्याकडे. मी विचारायला तोंड उघडलं.

"जेव गं बाय," अक्का म्हणाली. "थंड हुतंय."

देवूने पहिला घास घेतला. मग यांनी, माझ्या आधी. मी दोनदा वाढून घेतलं.