कौसामावशीची मोजणी

साळव्यांची कौसामावशी लोकांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बघत फिरायची. पडेगावात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटावं, म्हातारी चोर आहे की काय! दुपारचं ऊन तापलं की डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल आणि काखेत शाळकरी वही घेऊन ती गल्ल्या पालथ्या घालायची. आमच्याकडं घरटी एक माणूस तरी कुठल्या ना कुठल्या कंपनीत. त्यामुळं दोरीवर कंपनीचा शर्ट किती दिवसांनी आला, कुणाचा पंधरा दिवस दिसलाच नाही, हे सगळं ती टिपून घेई. "नोकरी गेली म्हणून दारावर पाटी लावत नाय कुणी. पण दोरी खोटं बोलत नसती," असं तिचं म्हणणं.

मी चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. म्हणजे एका सोमवारी फाटकावरच्या यादीत माझं नाव सापडलं नाही, तोवर होतो. घरी सांगायची छाती झाली नाही. कुलकर्ण्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी बेकार बसलेलं नाही, हे वडील पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगायचे. त्यांना खोटं पाडायचा मान मला नको होता. मग रोज सकाळी कंपनीचा शर्ट घालायचा, बायकोनं, वैशालीनं, भरलेला डबा उचलायचा, पॅसेंजर पकडून लासूर स्टेशन गाठायचं आणि फलाटावरच्या लोखंडी बाकाला टेकून दिवस काढायचा. संध्याकाळी दमल्यासारखं तोंड करून घरी. त्यात मला फारसा अभिनय करावा लागत नसे.

मावशीनं मला किराणा दुकानासमोर गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून म्हणाली, "कुलकर्णीदादा, कंपनीतल्या माणसाचा शर्ट बाहीला मळतो. तुमच्या पाठीवर गंजाचा पट्टा पडायलाय. कुठं टेकून बसता दिवसभर?"

माझं डोकंच फिरलं. लोकांच्या घरात नाक खुपसायचं तुम्हाला काय कारण, असं मी तिला फाडकन विचारलं. ती जागची हलली नाही. "वैनीला नाय सांगत मी. नाव ज्याचं त्यानं सांगावं. पण मोजणार हाय. मोजल्याबिगर सोडत नसते." आणि माझ्यासमोरच वहीत काहीतरी खरडून चालती झाली.

तिची उभी हयात अंगणवाडीत गेली होती. बाळांची वजनं, पोलिओचे डोस, जनगणनेची घरं, सगळं तिनं मोजलं. सरकारनं तिला मोजायला शिकवलं आणि निवृत्त करताना थांबायला सांगायचं विसरलं! तिच्या वहीत एकही नाव नव्हतं. 'पिवळं दार', 'लंगडं कुत्रं', 'दोन रांजण' अशा तिच्या खुणा. मी होतो 'गंज'.

आकड्यावरून ती कुणाशीही भांडायची. माझा राग निवल्यावर एकदा अर्ज लिहून द्यायला मला घेऊन ती रोजगार नोंदणीच्या सरकारी कार्यालयात गेली. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या भागात नोंदणी केलेले बेरोजगार अगदी थोडे आहेत." मावशी टेबलावर वही ठेवून म्हणाली, "नोंद करायला शहरात यावं लागतं, साहेब. यायला भाडं लागतं. भाड्याला काम लागतं. मग आम्ही तुमच्या कागदावर दिसावं कसं?" साहेबांनी चहा मागवला. ती चहाला शिवली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "एक माणूस जरी कमी मोजला ना, दादा, तर त्याला जित्तेपणी पुरला."

या भाड्यासाठीच तिनं आणि तिच्या लेकीनं, सुनीतानं, एक छोटी संस्था काढली होती. काम एकच, मुलाखतीला जाणाऱ्याला जायचं-यायचं भाडं देणं. काही भली माणसं चेकनं पैसे पाठवत. आणि एक दिवस बँकेनं संस्थेचं खातं गोठवलं.

आम्ही दोघं बँकेत गेलो. तिथला तरुण अधिकारी वागायला चांगला होता, पण हटायला तयार नव्हता. "संस्था खरंच चालते याचा पुरावा हवा, आजी. ज्यांना मदत केली त्यांची नावं, पत्ते, फोन नंबर आणि सह्या. मग खातं सुरू."

"नावं नाय मिळायची."

"मग खातंही नाही, आजी. माझ्या हातात काही नाही."

"ज्याच्या घरच्या माणसाला ठाऊक नाय, ते तुझ्या कॉम्प्युटरला कशाला ठाऊक पाहिजे, लेका?"

मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. पायऱ्या उतरताना म्हणालो, "मावशी, नावं दिली असती तर सुटला असता की प्रश्न." खरं तर ती नाही म्हणाली तेव्हा मलाच हायसं वाटलं होतं. ती थांबली. "तुमचं देऊ? पयलं?" कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी पटकन मागं वळून बघितलं. मावशी हसली. "व्हय ना? ज्याचं त्याला जड असतं, दादा."

पण हातावर हात ठेवून बसेल ती कौसामावशी कसली! दुसऱ्या दिवशी पहाटे ती कंपनीच्या बसथांब्यावर उभी. ज्याची मुलाखत असेल त्याला हाताला धरून बसमध्ये चढवायची. ड्रायव्हर सलीमभाई तर लांबूनच ओरडायचा, "बिठाओ मौसी, किराया नक्को!" सगळेच तसे नसत. काहींनी हाकललं, काही मुलाखती हुकल्या. मावशी त्यांचीही खूण वहीत करायची. "बँकेनं दार लावलं म्हणून काय झालं? रस्ता तर नाय ना उचलून नेला," म्हणायची.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. आदल्या दिवशीसुद्धा दोऱ्या बघून आली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी, सुनीतानं आईची वही हातात घेतली. "खातं अजून बंद हाय. आई म्हणायची, नाव ज्याचं त्यानं सांगावं. म्या खुणा वाचते. ज्याला वाटेल त्यानं उठावं, नायतर बसून ऱ्हावं." तिनं वाचलं, "पिवळं दार." पत्र्याच्या मांडवात कुणी हललं नाही. मग मागून एक धिप्पाड माणूस उठला आणि म्हणाला, "मी." पुढं एकेक जण उठत गेला. बायकापोरांसमोर, शेजाऱ्यांसमोर. "गंज," सुनीता म्हणाली. मी बसूनच राहिलो. अशी लाज मला नोकरी गेली तेव्हाही वाटली नव्हती.

घरी जाऊन वैशालीला सगळं सांगितलं. तिनं खुंटीवरचा माझा शर्ट हातात घेतला. मग म्हणाली, "तो पट्टा मी किती वेळा घासला हो. विचारलं तर काय ऐकावं लागेल, म्हणून विचारलं नाही." शर्टाची घडी घालत म्हणाली, "डबा कुठं खायचात?"

"लासूर स्टेशनवर. बाकावर."

"एकटेच?"

मी हो म्हणालो आणि मग दोघंही रडलो.

दुसऱ्याच दिवशी सुनीताला जाऊन सांगितलं, गंज म्हणजे मी. मावशीच्या जागी विश्वस्त म्हणून माझं नाव पुढं आलं, ते मी आनंदानं घेतलं. धर्मादाय कार्यालयाचे खेटे झाले आणि आम्ही यादी घेऊन बँकेत गेलो. ज्याची त्यानं केलेली सही, पहिली माझी. मुद्दाम तोच शर्ट घालून गेलो होतो. अधिकारीही तोच होता. यादी बघून त्यानं मान डोलावली आणि खात्यावर सही करणाऱ्याची माहिती भरायला घेतली. नाव, पत्ता झाला.

"व्यवसाय?"

"बेकार."

त्यानं वर पाहिलं. हळूच म्हणाला, "सर, 'इतर' लिहितो. संस्थेचे विश्वस्त तुम्ही, बरं दिसत नाही ते."

"बरं दिसायला आलो नाही मी," म्हणालो. "बेकार लिहा. पडेगावचा एक आकडा तरी बरोबर लागू द्या."