भर उन्हाळ्यात शाल पांघरणारी माझी बहीण

मैत्रिणींनो, आज हिंगणघाटला धाकट्या बहिणीकडे, नलूकडे आलेय. गेल्या वर्षी गाठीमुळे तिची अर्धी थायरॉईड ग्रंथी काढली होती.

या मे महिन्यात नलू कूलर बंद करून शाल पांघरून बसू लागली. सासूबाई चिडवायच्या, "काऊन व, आमाले भाजून राह्यली का?" बाकीचे म्हणाले, वयामुळे होतं.

नलू सासूबाईंसमोर अडून बसली. "आई, उरलेली अर्धी ग्रंथी कमी पडू शकते, असं डॉक्टर म्हणाले होते. मले रक्त तपासाचंच हाय."

आज रिपोर्ट आला. थायरॉईड खरंच कमी पडतंय, म्हणूनच थंडी वाजत होती. गोळी सुरू झाली.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत ताप आला तरी सिस्टरना सांगायला ही मला पुढे करायची. आज तिच्याकडे बघून माझा ऊर भरून आला.

तुमच्या घरी उन्हाळ्यात कोणाला थंडी वाजते का? चिडवण्याआधी विचाराल ना?