पडदा ओढणारा

वाशिमच्या हौशी नाटक मंडळीत पडदा ओढायला एक पारधी होता. तालमीला मी गेलो की तो दोन्ही तळहात दिसतील असे गुडघ्यांवर ठेवी. कोणीही आले तरी तसेच. त्याच्या जमातीवर सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. रोज दिवस बुडायच्या आत त्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागे.

नाटक नागपुरात चोरीचा खोटा आळ आलेल्या पारध्याचे होते. ती भूमिका एका वकिलाचे कारकून करीत. कोर्टातले त्यांचे लांबलचक भाषण ऐकून पडदा ओढणारा हसला.

"काहून हसून राह्यला बे?" कारकुनांनी विचारले.

"मालक, इतकं बोलू कोन देते आमाले? थोडं कमी करा. हजेरी चुकली त मले आत टाकतीन."

"अबे, तुयासाठीच त बोलून राह्यलो!"

सगळे हसले. भाषण तेवढेच राहिले.

प्रयोग बाजाराच्या दिवशी दुपारी होता, पण सुरू उशिरा झाला. भाषण ऐन रंगात आले तेव्हा सूर्य कलला होता. त्याने एकदा बाहेर पाहिले, पडदा सावकाश खाली सोडला, दोरी खुंटीला नीट बांधली आणि ठाण्याकडे धावत सुटला.

नाटक संपले असे समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्याआड कारकुनांचा हात अजून वर होता.