बॅटरीवाल्याचा बिल्ला

राहात्याच्या टॉकीजवर कचरू म्हणजे बॅटरीवाला. दारावर तिकीट फाडायचं आणि बॅटरीच्या उजेडात माणसाला खुर्चीपर्यंत न्यायचं, हे त्याचं काम. बाहत्तर साली टॉकीजचे मालक आबासाहेब मुंबईला जाऊन आले आणि येताना त्याच्यासाठी इंग्रजी अक्षरांचा पितळी बिल्ला घेऊन आले.

"यावर 'अशर' लिहिलंय. छातीवर लाव, झोकात दिसशील."

"अशर म्हंजी काय, मालक?"

ते आबासाहेबांना तरी कुठं ठाऊक होतं! "तुला काय करायचंय? लाव म्हटलं की लावायचं."

कचरूने बिल्ला खिशात टाकला. माणूस मुळातच भलता चौकस, पण ही नुसती चौकशी नव्हती. छप्पन साली घरादारासकट बौद्ध झाला, तेव्हा दुसऱ्यांनी चिकटवलेलं जातीचं नाव त्याने कायमचं उतरवलं होतं. "आता अर्थ कळल्याबिगर काय बी छातीवर लावनार न्हाई," तो बायकोला, चांगुणाबाईला म्हणाला. तिकडे मालकही हट्टाला पेटले. रविवारच्या खेळाला बिल्ला दिसला नाही, तर सोमवारपासून दुसरा माणूस!

"आन् वंगाळ अर्थ निघाला तर?" चांगुणाबाईने विचारलं.

"तर ऱ्हायलं काम."

रविवारी सकाळीच त्याने रंगनाथ मास्तरांचं घर गाठलं. इंग्रजी शिकवून रिटायर झालेले मास्तर स्वभावाने गोड. कचरूला वाचून झालेला पेपर द्यायचे, चहासुद्धा पाजायचे, मात्र सगळं दारातच.

मास्तरांनी जाडजूड डिक्शनरी आणली, चष्मा पुसला आणि दारात उभ्यानेच पानं चाळली. "अरे, फार जुना शब्द आहे हा! लॅटिनमधल्या 'दार' या शब्दावरून आलाय. अशर म्हणजे दारावरचा माणूस. राजाच्या दरबारातही असायचा. आलेल्याला आत नेऊन बसवायचा."

"मानानं?"

"मानानंच की! पाहुणाच तो."

कचरूचा चेहरा खुलला. इतकी वर्षं आपण हे काम करतोय आणि त्याला राजदरबारचं नाव आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं! त्याने तिथल्या तिथे बिल्ला लावला. मग मास्तरांच्या मागच्या खोलीकडे नजर टाकली आणि आजवर जिभेवर न आलेला प्रश्न विचारून टाकला.

"मास्तर, तुमी टॉकीजला येता तवा मी तुमाला आत नेऊन बसवतो. तुमी मला कवा बसवनार?"

मास्तर दारातून बाजूला झाले, आणि कचरू आत जाऊन खुर्चीवर बसला.