दिवाळीबाच्या देरासराचं सोनं

दर्यावर जगणाऱ्या मांगेल्याच्या पोराला बोट लागते, हे ऐकून डहाणूत हसणार नाही असा माणूस विरळा. मोतीराम पागधरेला बोट लागायची. दिवादांडी मागे पडली न पडली तोच हा होडीच्या काठावर ओणवा, आणि तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, असलेला बाप कपाळाला हात लावून बसलेला. दोन वर्षं दर्यावर नेऊन बापाने अखेर त्याचा नाद सोडला. लग्न झाल्यावर घर चाललं ते बायकोच्या, हंसाच्या, मासळीच्या टोपलीवर. मोतीराम होड्यांना रंग दे, कुणाच्या भिंतीला चुना मार, असली कामं करी. लोक त्याला 'कोरडा मांगेला' म्हणत, आणि तोही बिचारा हसून ऐकून घेई.

बावन्न सालच्या हिवाळ्यात एका पारशी सेठने समुद्रालगतच्या आपल्या बंगल्यात दिवाणखान्याच्या छताला सोन्याचा वर्ख लावायला काढला. त्यासाठी जयपूरहून एक म्हातारे उस्ताद आले होते. शिडी धरायला माणूस हवा म्हणून मोतीराम तिथे लागला. उस्तादांचं काम बघण्यासारखं होतं. लाकडी नक्षीवर आधी खडूचे थर, मग गेरूचा हात, मग पातळ सरस, आणि त्यावर मऊ कुंचल्याने उचलून ठेवलेलं सोन्याचं पान. पान इतकं हलकं, की वर्ख लावताना खिडक्या बंद आणि श्वाससुद्धा बेताने. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटलं की सबंध छत उजळून निघे. पण समुद्राची खारी हवा उस्तादांना ठाऊक नव्हती. त्यांचा सरस चार दिवसांत ओलावा धरी आणि सोनं पापुद्र्यांनी सुटून येई. उस्ताद रडकुंडीला आले.

तेव्हा मोतीराम घरी गेला आणि फाटक्या भोतांची पुरचुंडी घेऊन आला. घोळ माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला भोत म्हणतात. वाळवलेल्या भोताला व्यापारी चांगला भाव देतात, फाटकं मात्र परत करतात. लहानपणी मोतीराम तेच भिजवून पतंग चिकटवायचा. भोत मंद आचेवर शिजवून त्याने काचेसारखी स्वच्छ खळ काढली. वास नाही, रंग नाही. तिच्यावर बसवलेलं सोनं पुढचा पावसाळा काढून तसंच राहिलं. उस्तादांनी जाताना आपला अकीक त्याच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून कोरडा मांगेला वर्खवाला मोतीराम झाला. इराण्यांच्या वाडीतले आरसे, पारश्यांच्या घरातल्या तसबिरींच्या चौकटी, पार उंबरगावपर्यंतची कामं त्याच्याकडे येऊ लागली. बापाने एकदा परक्या माणसासारखं बंगल्याच्या दारातून ते छत पाहिलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाला, "बरा हाय हात." मोतीरामला ते वाक्य शेवटपर्यंत पुरलं.

साठ साली अमथालाल सेठचा निरोप आला. आशागडपासून तलासरीपर्यंत गवताच्या गंज्या ज्यांच्या, ते हे सेठ. घर कडक जैन. नव्या घराच्या माडीवर त्यांनी देवाची खोली, म्हणजे घरदेरासर, बांधलं होतं आणि त्याची कमान नि छत सोन्याने मढवायचं होतं. पण कामावर खरी हुकमत सेठची नव्हे, त्यांच्या आईची, दिवाळीबाची. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब न घेणारी, कांदा-बटाटा घरात न येऊ देणारी ही सत्तरीची बाई. तिने मोतीरामला समोर बसवून विचारलं, "भाई, तू मासळी खातोस ना?"

"आमी दुसरं काय खाणार, बा?"

"माझं देरासर होईपर्यंत सोडशील?"

मांगेल्याला मासळी सोड म्हणणं म्हणजे माशाला पाणी सोड म्हणण्यासारखंच. पण मोतीराम कामाचा भुकेला होता, आणि बाईच्या विचारण्यात हुकूम नव्हता. तो हो म्हणाला. रोज सकाळी विहिरीवर आंघोळ, धुतलेलं धोतर, दुपारी बाने पाठवलेली भाकरी, मूग नि ताक. हंसाच्या टोपलीला शिवायचं नाही. त्याचं अंथरूणसुद्धा ओटीवर आलं. हंसा करवादायची, "त्या म्हातारीने माझा नवराच नेला." सव्वा महिना त्याने बोंबलाचा तुकडादेखील तोंडात घातला नाही. आणि काम असं उतरलं, की मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या दिवशी बोर्डीपासून आलेले पाहुणे माना वर करून उभेच राहिले. बा तर नुसती बघत राहिली.

त्या संध्याकाळी हंसाने नवऱ्यापुढे तळलेल्या सरंग्याचं ताट ठेवलं आणि सहज म्हणाली, "महिनाभर तुमी म्हावऱ्याला शिवला नाय. नि देवाच्या डोक्यावर सोनं कशानं डकवलंत? घोळीच्या भोतानंच ना?"

मोतीरामने हातातला घास ताटात परत ठेवला. हसू नका. त्याच्या मनात हे खरोखर आलं नव्हतं. मांगेल्याच्या लेखी म्हावरा म्हणजे जे शिजतं नि ताटात पडतं ते. भोत कधी कुणी खाल्लं नव्हतं. भोत म्हणजे त्याच्या लेखी बाजाराचा माल, जसा गवंड्याचा चुना. पोटात काय जातं ते त्याने सांभाळलं, डब्यात काय शिजतं तिकडे लक्षच गेलं नाही.

"गप बसा," हंसा घाबरून म्हणाली. "कोण बघायला आलंय?"

पण सकाळी तो बापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. बाने हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "चूक माझी. तू काय खातोस ते मी विचारलं, तुझ्या डब्यात काय आहे ते नाही विचारलं. भाई, ते काढावं लागेल."

"काढतो, बा. बाजारचा सरस पण कातड्याचा असतो. मग बाभळीचा डिंक राहिला. डिंकाचं सोनं या हवेत टिकायचं नाय."

"पडू दे. पण हे कुणाला सांगू नकोस. चार गावांच्या लोकांनी इथे पूजा केली आहे. अमथालालला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि तुला लोक सोडणार नाहीत."

मुलाला तिने सांगितलं, रंग मला आवडला नाही. जन्मात खोटं न बोललेली बाई हे बोलली आणि तिने आठ दिवस अन्न टाकलं. मोतीरामने आपल्या हाताने आपलं सोनं खरवडून काढलं. (वर्ख मुळात कातड्याच्या पानांत ठेवून कुटतात, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. आपणही तो विषय इथे काढायला नको.)

डिंकाचं सोनं पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागलं. सरसाऐवजी तेलावर वर्ख लावायची रीत उस्तादांनी त्याला शिकवली नव्हती. मग दर श्रावणात, पर्युषणाच्या आधी, मोतीराम शिडी घेऊन यायचा आणि गेलेलं सोनं पुन्हा बसवायचा. मजुरी घ्यायला नको म्हणायचा, बा जबरदस्तीने द्यायची. लोक काय, त्यांनी आपला अर्थ काढला. पहिलं काम म्हातारीला पसंत पडलं नाही, दुसरं तर गळतंच आहे. मोतीरामचा हात गेला, तो पितो, तो खोटं सोनं लावतो, असं वाटेल ते बोललं गेलं. कामं एकेक करून मुंबईच्या लोकांकडे गेली. बोरीगेटजवळच्या एका कारागिराने तर त्याच्या तोंडावर विचारलं, "दादा, वर्ख लावता की पानगळ?" एक शब्द बोलला असता तर अब्रू परत आली असती. तो शब्द त्याने सहा वर्षं गिळला. हंसाने पुन्हा जोर लावून टोपली उचलली, पण तिनेही तोंड उघडलं नाही.

सहासष्ट सालच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागण्याचा हा दिवस. माडीवर नात्यातली पन्नास माणसं जमली होती. नेमका तेव्हाच कमानीचा मोठा पापुद्रा सुटला आणि सेठच्या मुंबईच्या व्याह्यांच्या खांद्यावर पडला. कुणीतरी खुदकन हसलं. सेठचा चेहरा उतरला. त्यांनी गडी धाडून मोतीरामला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बस झालं, मोतीराम. सहा वर्षं आईसाठी सोसलं. तुला काम येत नाही हे आता तरी कबूल कर. पुढच्या वर्षी मुंबईचा माणूस येईल."

मोतीराम दाराशी उभा होता. त्याने बाकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून म्हणाला, "जशी तुमची मर्जी, सेठ."

बाला तेव्हा नीट दिसत नव्हतं. ती भिंतीला धरून उठली.

"अमथा, गप. याचं पहिलं काम मी काढायला लावलं. त्याला माशाची खळ होती, आणि याने स्वतः येऊन मला ते सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोलले, घराची लाज राखली आणि याची घालवली."

व्याह्यांनी खांद्यावरचं सोनं झटकायला उचललेला हात तसाच राहिला. बा चाचपडत दाराशी आली आणि त्या मांगेल्यापुढे तिने हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, मोतीरामभाई."

याला उत्तर काय देतात हे मोतीरामला ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तिचे जोडलेले हात घाईघाईने खाली केले आणि हळूच विचारलं, "बा, पहिलं काम चांगलं होतं ना?"

"तू खरवडत होतास," बा म्हणाली, "तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात जाऊन रडले होते."