पुरुषोत्तमकाकांची ओळ

"सरळ ओळीला साक्षीदार लागत नाही," असं पुरुषोत्तमकाका येता-जाता म्हणायचे. उभी हयात इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या ऑफिसात नकाशांवर रेघा ओढल्या. निवृत्त झाल्यावर तासाभराच्या वाटेवर चाळीस एकर रान घेतलं आणि मक्याच्या ओळी अशा काढल्या, की रस्त्यानं जाणारे शेतकरी गाडी हळू करून बघत.

पण दोन वर्षांपासून काकांच्या डोळ्यांत धुकं साचत चाललं होतं. औषध दाद देईना. माणसाचा आकार कळे, रेघ कळेना. ठाऊक होतं ते फक्त बायकोला, सुचित्राकाकूंना. ट्रॅक्टर उपग्रहाच्या खुणेवर आपला आपण ओळ धरी, काका नुसते बसत. लेकीनं, अंतरानं, बजावून ठेवलं होतं, "डोळ्यांचं काही झालं, की किल्ली माझ्याकडे. शेत लीजवर देणार." आणि शेत गेल्यावर हा माणूस खुर्चीत बसून विझेल, हे काकू जाणून होत्या.

मे महिन्यातला शुक्रवार. निम्मं रान पेरायचं राहिलेलं, रविवारी पावसाचा अंदाज. सकाळीच काकूंनी पेरणीयंत्राला हळद-कुंकू लावलं होतं. दिवस कलताना ट्रॅक्टरच्या पडद्यावरची ओळ थरथरली, बाजूला सरकली, नाहीशी झाली. शेजाऱ्याचा फोन आला: सूर्यावर वादळ उठलंय, सगळ्यांचीच उपग्रहाची खूण बंद पडलीय. शेजारी नजरेच्या अंदाजानं पेरत राहिला. काका स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले.

अंधार पडता पडता अंतरा आली आणि अंगणातूनच ओरडली, "आई, बाबा, लवकर या! नॉर्दर्न लाइट्स! ध्रुवीय प्रकाश, इथे, इलिनॉयमध्ये!"

काका आले. हात पाठीशी बांधून, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले. "वा! काय रंग आहेत!"

काकूंनी वर पाहिलं. उजेड तर डोक्यावर होता, गुलाबी, हिरवा, दक्षिणेपर्यंत सांडलेला. उत्तरेला होतं धान्याचं पत्र्याचं कोठार.

"बाबा," अंतरा हळूच म्हणाली, "तुम्ही कोठाराकडे बघताय."

"पत्रा बघतोय. रंगवायला झालाय."

अंतरानं हात पुढे केला. "किल्ली द्या."

"रविवारी पाऊस आहे गं. उद्याचा एक दिवस दे."

"दिसत नाही तर पेरणार कसं, बाबा?"

काकांनी खिसा चाचपला, किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. मग पोत्याशी जाऊन टोपीत बी भरून घेतलं आणि शेवटच्या पेरलेल्या ओळीची कड बुटानं चाचपत निघाले. पाऊल, दाणा. पाऊल, दाणा.

"आई, थांबव ना त्यांना!"

काकूंनी तिचं मनगट धरलं. "वीस एकर राहिलंय. जाऊ दे त्यांना," एवढंच म्हणाल्या.

वर सगळं आभाळ पेटलं होतं. काकू फक्त त्या पाठीकडे बघत होत्या. दहाव्या पावलालाच ओळ डावीकडे झुकली. त्यांनी हाक मारली नाही. काका आणखी डावीकडे सरकत, दाणे टाकत, लांब लांब गेले.