तुळसाकाकींची पट्टेरी गाय

कसालपासून आत दोन मैलांवर राहणाऱ्या तुळसाकाकींना स्वतःचं कौतुक कधी जमलं नाही. सगळं कौतुक गायीच्या वाट्याला गेलं. नांदगावच्या भावाकडे तांबूस अंगावर काळे पट्टे असलेली कालवड जन्मली. "ह्या कसला ध्यान!" म्हणून भाऊ नाक मुरडत होता. काकींनी त्याच दिवशी टेम्पो केला आणि मागे कालवडीला धरून बसून घरी आल्या. नाव ठेवलं वाघीण.

पुढे जनावरांची नोंद करायला समीक्षा आली. वाघिणीच्या कानात पिवळा बिल्ला मारून तिने मोबाईलात रंग लिहिला, काळा.

"काळी? डोळे चिकटले काय गो तुजे?"

"काकी, पट्टे ह्यात नाय. मिश्र लिवू?"

"मिश्र? ती काय फरसाण आसा?"

समीक्षाने 'काळी' ठेवलं आणि पाय काढला. काकी महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

माघात शेजारच्या शिवाची चवळी कुणीतरी साफ केली. शिवा वाघिणीवर संशय घेऊन ग्रामपंचायतीत गेला. पळणाऱ्या गायीची मागची बाजू तेवढी त्याने पाहिली होती. पट्ट्यांची होती, एवढं नक्की.

सरपंच दीपिका तेली यांनी काकींना बोलावून समीक्षाने केलेली यादी उघडली. "तुळसाकाकींची गाय काळी आहे. पट्ट्यांच्या गायीची गावात नोंदच नाही."

काकी गप्प. वाघिणीचा दोर तुटलेला त्यांनी सकाळीच पाहिला होता. आणखी घटकाभर गप्प राहिल्या असत्या, तर सुटल्या असत्या.

शिवा चष्मा पुसत म्हणाला, "मगे कोणाची तरी काळीच असात. चिखलात लोळान इली असात, माका पट्टे दिसले."

"चिखल?" काकी खुर्चीवरून उठल्या. "जल्माचे पट्टे आसत ते! माज्या वाघिणीक चिखल म्हणतंस?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. काकी हळूच खाली बसल्या.

चवळीला कुंपण काकींनी घालून द्यायचं ठरलं. त्यांनी तीन दिवस काठ्या रोवल्या, दोर आवळले. तिसऱ्या दिवशी शिवा चहा घेऊन आला. बांधापलीकडे वाघीण दुहेरी दोराने बांधलेली होती. तो जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"काकी, जवळसून बरी दिसता हां."

"लांबसूनय बरीच दिसता," काकी गाठ मारत म्हणाल्या. "तू चष्मो बदल."